वखारीचें सभासदत्व आणि घरचा हिशेब



गेल्या वर्षीं कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां सहा महिने अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, राहून आलों. त्या प्रवासाचें वर्णन ऐकवून मी आपला वेळ घेणार नाहीं. माझें सारें आयुष्य शाळेंत मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलें, आणि तिकडे गेल्यावरहि माझ्या वांट्यास एक गणितच आलें. वार्षिक वर्गणी भरून एखाद्या घाऊक वखारीचें सभासद झालें, तर घरचा किराणा खरोखरच स्वस्त पडतो काय, असें तें गणित. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें त्या देशांत संसार करीत आहेत. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका वाटूं नये.

ही वखार म्हणजे काय तें प्रथम सांगतों. सॉल प्राइस नांवाच्या व्यापाऱ्यानें १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें विमानांच्या एका जुन्या इमारतींत ‘प्राइस क्लब’ नांवाचें दुकान उघडलें. वर्षाला २५ डॉलर वर्गणी भरील त्यालाच आंत प्रवेश. आरंभीं हें दुकान लहान व्यापाऱ्यांकरितां होतें. पुढें घरगुती गिऱ्हाइकांनाहि दार उघडलें. १९८३ सालीं ‘कॉस्टको’ व ‘सॅम्स क्लब’ हीं त्याच धर्तीचीं दुकानें निघालीं, आणि १९९३ सालीं प्राइस क्लब व कॉस्टको हीं एक झालीं.

पाहुणा म्हणून कन्येबरोबर प्रथम आंत गेलों तेव्हां मी क्षणभर उभाच राहिलों. छताला भिडणारे लोखंडी सांगाडे, आणि ज्या लाकडी फळ्यांवर माल आला त्याच फळ्यांवर तो विकावयास मांडलेला. दूध दोन गॅलनांचें, म्हणजे साडेसात लिटरांचें. तांदूळ वीस पौंडांची पिशवी. पाव एक घ्यावयाचा तर जोडीनें. मालाचे प्रकार मात्र थोडे. तिकडच्या नेहमींच्या मोठ्या दुकानांत तीस हजारांच्या आसपास जिन्नस असतात, तर कॉस्टकोंत सुमारें चार हजार. प्रकार थोडे म्हणून प्रत्येकाची खरेदी मोठी, आणि खरेदी मोठी म्हणून भाव उतरता. खरेदीच्या किमतीवर चौदा-पंधरा टक्क्यांहून अधिक चढवावयाचे नाहींत, असा त्या कंपनीचा दंडक आहे.

मग तिला सुटतें काय? येथेंच खरी गोम आहे. २०२४ या हिशेबी वर्षांत कॉस्टकोचा निव्वळ नफा सुमारें ७३७ कोटी डॉलर झाला, आणि त्याच वर्षीं नुसत्या वर्गणीचें उत्पन्न सुमारें ४८३ कोटी डॉलर होतें. म्हणजे मालावर ती थोडकें मिळविते आणि प्रवेशावर भरपूर मिळविते. यांत लबाडी मुळींच नाहीं. सभासद नाराज झाला तर वर्गणी परत करण्याचीहि तिची रीत आहे. परंतु एकदां वर्गणी भरली म्हणजे ती वसूल केली पाहिजे अशी एक टोचणी माणसाच्या मनास लागते, आणि ती टोचणी त्याला पुनः पुनः त्याच दाराशीं नेते.

इंग्लंडांत रॉचडेल येथील विणकरांनीं व कारागिरांनीं १८४४ सालीं प्रत्येकीं एक पौंड घालून दुकान काढलें, त्याची येथें आठवण होते. तेथें सभासद हाच मालक होता, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत परत मिळे. मुंबईंत नायगांवच्या गिरणी कामगारांनीं १९४८ सालीं उभें केलेलें ‘अपना बाजार’ हें त्याच वंशांतलें. अमेरिकेंतील वखारीचा सभासद मालक नसतो. त्यानें विकत घेतलेला असतो तो केवळ आंत जाण्याचा हक्क.

आतां घरचा प्रसंग. आम्ही पोंचलों त्या सुमारास जांवईबापूंच्या कचेरींत माणसें कमी करण्यास सुरुवात झाली होती. त्यांची नोकरी शाबूत होती, पण शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि अशा वेळीं माणसाची झोंप कशी असते हें सांगावयास नको. रात्रीं जेवणानंतर दोघेंजण कागद घेऊन बसत आणि खर्चाला कात्री लावीत. वखारीच्या कार्डाची मुदत चार महिन्यांनीं संपणार होती. कन्येचें म्हणणें, कार्ड बंद करावें. गाडी भरून सामान येतें आणि निम्में केराच्या पेटींत जातें. जांवईबापूंचें म्हणणें, त्या कार्डामुळेंच आपण तगलों आहों. दोघांचाहि आवाज चढे, आणि दोघांजवळहि आंकडा नसे. तिसऱ्या रात्रीं आमच्या मंडळींनीं मजकडे पाहून म्हटलें, “अहो, तुम्ही मास्तर ना? मग द्या कीं सोडवून!” दुसऱ्या दिवशीं नातीच्या दप्तरांतली एक कोरी वही मीं मागून घेतली.

कन्येचें कार्ड कोणत्या दुकानाचें होतें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. हिशेबासाठीं मी कॉस्टकोची वर्गणी धरतों. सप्टेंबर २०२४ पासून तिचे साध्या कार्डास वर्षाला ६५ व वरच्या दर्जाच्या कार्डास १३० डॉलर पडतात.

प्रथमदर्शनीं गणित सोपें आहे. वखारींतील भाव सरासरीनें दहा टक्के कमी धरले, तर ६५ डॉलर भरून निघण्यास इतर दुकानांत ६५० डॉलर पडला असता एवढा माल वर्षाला नेला पाहिजे. म्हणजे महिन्याला ५४ डॉलरांचा. चार माणसांचें कुटुंब एवढा माल सहज नेतें. जांवईबापूंनीं हा हिशेब तोंडानेंच केला होता, आणि तो चुकीचा नव्हता. पण अपुरा होता.

मीं वहींत पांच रकाने आंखले: वस्तु, वजन, दिलेले दाम, तोच माल घराजवळच्या दुकानांत काय भावानें मिळतो तें, आणि फेकलेलें किती. चौथा रकाना भरणें वाटलें त्याहून सोपें गेलें. दर पौंडाला काय भाव पडतो हें दुकानदारानें फळीवरच्या चिठ्ठीवर लिहावें असा न्यू जर्सींत कायदाच आहे. मी सकाळच्या फेरफटक्यांत जवळच्या दुकानांत जाऊन तेवढे आंकडे टिपून आणीं. तेथील नोकर प्रथम माझ्याकडे संशयानें पाहत. पुढें पुढें नमस्कार करूं लागले.

पांचवा रकाना मात्र कोणालाच आवडला नाहीं. केराची पेटी उघडून मी पाहतों आहें हें कन्येला लाजिरवाणें वाटे. तरी मीं तो सोडला नाहीं, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली तेथें होती. समजा, एखादा जिन्नस पंचवीस टक्के स्वस्त मिळाला, म्हणजे शंभराचा माल पंचाहत्तरांत आला. त्यांतील चौथा हिस्सा फेकला, तर पंचाहत्तर खर्चून पंचाहत्तरांचाच माल पोटांत गेला. हिशेब बरोबरीत सुटला. तिसरा हिस्सा फेकला, तर सुमारें सदुसष्टांचा माल पंचाहत्तरांस पडला, म्हणजे तो महागच घेतला. जितके टक्के स्वस्त, तितके टक्के वायां गेले कीं फायदा शून्य. इयत्ता सातवींतल्या मुलाला हें उमजतें; परंतु दोन पौंड पालकाची पिशवी हातांत घेणाऱ्या पदवीधराला उमजत नाहीं.

पालकाचा पहिला आठवडा मला आठवतो. सोमवारीं पालकाची भाजी, मंगळवारीं पालकाची डाळ, बुधवारीं पराठे. गुरुवारीं नातीनें ताट बाजूला सारलें, आणि रविवारीं अर्धी पिशवी काळी पडून बाहेर गेली. उलट तांदूळ, तेल, कणीक, साखर, कपडे धुण्याची पूड यांच्यासमोर पांचव्या रकान्यांत चार महिन्यांत एकहि आंकडा पडला नाहीं. दूधहि संपे. मसाल्याच्या मोठ्या बरण्या फेकल्या जात नसत, पण तिसऱ्या महिन्यांत मिरपुडीचा वास शोधावा लागे. तें नुकसान कोणत्या रकान्यांत मांडावें हें मला शेवटपर्यंत ठरवितां आलें नाहीं. तूरडाळ, पोहे आणि ज्वारीचें पीठ यांकरितां एडिसनजवळच्या ओक ट्री रोडवरील आपल्या लोकांच्या दुकानांत जावेंच लागे.

हें पाहतांना मला माझी आई आठवली. चैत्र-वैशाखांत आमच्या घरीं वर्षाची बेगमी होई. गहूं ऊन्ह दाखवून, एरंडेल चोळून कोठींत भरावयाचे, वर कडुनिंबाचा पाला. तांदूळ, डाळी, चिंच, तिखट सारें वर्षाचें एकदम, कारण सुगीनंतर भाव उतरलेला असे. पण हीच माउली कोथिंबिरीची जुडी त्या दिवसापुरती घेई, आणि जास्त आणली तर वडिलांना बोल लावी. काय सांठवावें आणि काय सांठवूं नये याचा विवेक तिला कोणी शाळेंत शिकविला नव्हता. पुढें १९७२ चा दुष्काळ आला आणि रेशनच्या रांगेंत लाल मिलो घेण्यास आम्ही भावंडें उभीं राहिलों. भरलेला डबा पाहिला कीं आमच्या पिढीला अजून धीर येतो. जांवईबापूंचा जन्म त्या दुष्काळानंतरचा. तरी नोकरीची धास्ती वाढे तसतशी त्यांची गाडी वखारींतून अधिक भरून येई, हें मीं वहीवरून पाहिलें. त्यांना मीं तें बोलून दाखविलें नाहीं.

चार महिन्यांची बेरीज आतां सांगतों. वखारींत एकूण खर्च १८४० डॉलर. त्यांत यादीप्रमाणें, म्हणजे एरवींहि घ्यावाच लागला असता असा माल ११३० चा. तोच जवळच्या दुकानांत १३३५ ला पडला असता. म्हणजे वांचले २०५. फेकलेला माल ९६ चा. साध्या कार्डाच्या वर्गणीचा तिसरा हिस्सा २२. हे दोन्ही वजा जातां खरी बचत ८७ डॉलर. महिन्याला बावीसच्या खालीं, पण बचत ती बचत. जांवईबापूंचा चेहरा उजळला.

परंतु उरलेले ७१० डॉलर यादीबाहेरचे होते. बारा जोड मोजे, बागेंत लावावयाचे दिवे, नातीच्या उंचीचें एक कापसाचें अस्वल, आणि असेंच कितीतरी. घरांतील सर्वांचें मत घेऊन आम्हीं ते जिन्नस निवडले. ३०० डॉलरांचे आज ना उद्यां लागलेच असते असें ठरलें. ४१० डॉलरांचे त्या दुकानांत पाऊल पडलें नसतें तर कोणाच्या स्वप्नांतहि आले नसते. त्या ४१० मध्यें तीन पौंड बदाम होते, आणि ते मीं स्वतः ‘पहा किती स्वस्त’ म्हणून घ्यावयास लावले होते. ही नोंद वहींत लपवावी असा मोह मला झाला, हें कबूल करतों.

वरच्या दर्जाच्या कार्डाची कथा याहून मौजेची. घरीं तेंच कार्ड होतें. त्यांत पेट्रोलसारख्या कांहीं वस्तु वगळतां खरेदीच्या दोन टक्के रक्कम वर्षाअखेर परत मिळते. रॉचडेलच्या विणकरांची पुसट सावलीच म्हणा. अधिक भरावयाचे ६५ डॉलर त्या दोन टक्क्यांतून निघण्यास वर्षाची खरेदी ३२५० ची हवी. चार महिन्यांच्या १८४० वरून वर्षाचे ५५२० होतात. परतावा ११० च्या वर. उत्तम! पण नुसता यादीचा माल धरला तर वर्षाचे ३३९०, परतावा ६७ डॉलर ८० सेंट. म्हणजे ६५ डॉलर अधिक भरून वर्षाला पावणेतीन डॉलर मिळकत. बाकीचा परतावा मोजे आणि अस्वल यांच्यावरचा.

पेट्रोल वखारीच्या पंपावर स्वस्त मिळतें हाहि एक मुद्दा निघाला. गॅलनला वीस सेंट कमी, पंधरा गॅलनांवर तीन डॉलर. वखार घरापासून अकरा मैल. जाऊन येऊन बावीस मैलांत जवळजवळ एक गॅलन जळतें, आणि तें तीन डॉलरांचेंच. कचेरीच्या वाटेवर पंप असेल त्यानें जरूर भरावें. मुद्दाम जाण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

तेव्हां निकाल काय दिला? कार्ड ठेवा, पण साधें. महिन्यांतून एकच फेरी, तीहि जेवून मग, आणि यादी घरून लिहून. भाजी, फळें, पाव जवळच्या दुकानांत. दोघांच्या बिऱ्हाडाला मीं हाच निकाल दिला नसता. त्यांचा यादीचा माल इतका थोडा कीं वर्गणी निघणें कठीण, आणि केराच्या पेटीचा रकाना मात्र लांब. ज्यांच्या घरीं तान्हें मूल आहे त्यांचें उत्तर याच्या उलट येईल, कारण मुलाचे लंगोट नासत नाहींत आणि उरतहि नाहींत.

कन्येला निकाल फारसा रुचला नाहीं, जांवईबापूंनाहि नाहीं. पण तो दोघांनींहि पाळला, आणि आम्ही तेथें होतों त्या उरलेल्या दोन महिन्यांत यादीबाहेरचा खर्च साठ डॉलरांवर आला. रात्रींचे कागदहि पुढें लवकर मिटूं लागले. नोकरी अद्याप शाबूत आहे.

निघतांना वही मीं नातीच्या स्वाधीन केली. ती नऊ वर्षांची आहे, आणि बेरीज चोख करते. मागल्या रविवारीं तिचा फोन आला. म्हणाली, “आजोबा, बाबा काल नुसतें दूध आणायला गेले होते, आणि तंबू घेऊन आले. कोणत्या रकान्यांत लिहूं?”