पिल्लाची शी-शू

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणलं की पहिल्याच दिवशी फरशीवर तळं साचतं. त्यात त्याचा खोडसाळपणा नसतो. या वयात लघवीवर ताबा फार तर दोन-तीन तासांचा. रात्रीही एकदा तरी उठावंच लागतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्या. वास घेत गोल फिरू लागलं, तर उचलाच! काम झाल्याबरोबर तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही.

घरात झालंच, तर त्याचं नाक त्यात घासणं, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणं हे तर सोडूनच द्या. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसांसमोर करायचं नाही. मग ते सोफ्यामागे करतं. ओली झालेली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेला क्लीनर नको; अमोनियाचा वास लघवीसारखाच, तो पिल्लाला पुन्हा तिथेच ओढतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल, तर लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका, पार्व्हो या संसर्गजन्य आजाराचा धोका असतो. तोवर बाल्कनीत वर्तमानपत्र चालेल. आणि शिकलेलं पिल्लू अचानक घरात सारखी लघवी करू लागलं, तर रागावण्याआधी पशुवैद्यांना दाखवा.