लहान खोलीतील गाणे

धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगलीचे १९६३ साली. त्या काळी बेळगाव-निपाणीकडच्या घरांत रेडिओ बसे तो भिंतीवरच्या उंच फळीवर. मुलांचा हात पोचू नये आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत जावा, एवढाच त्यामागे विचार. एका पेटीपुरता तो ठीकही होता. पण आज जोडीने मिळणारे ‘बुकशेल्फ स्पीकर’ही आपण त्याच फळीवर चढवतो, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात गवयाचे शब्द बुडाले की दोष स्पीकरला देतो. नावात पुस्तकांची फळी असली तरी त्यांची खरी जागा ती नव्हे.

खोलीलाही स्वतःचा एक स्वर असतो. शहापूर-वडगावकडील भिंतीला भिंत लागलेल्या घरांतली एखादी आठ फूट रुंद, बारा फूट लांब खोली घ्या. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. आठ फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ये-जा करताना तो सेकंदाला सुमारे ७१ कंपनांचा स्वर पोसतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज असतो सुमारे ६९ कंपनांचा! तार छेडली की खोलीच हुंकार देऊ लागते, आणि तो हुंकार ध्वनिमुद्रणात नसतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्याविषयी किती काटेकोर होते, हे रसिकांना ठाऊक आहेच. तो तंबोरा आपण भिंतींच्या हाती सोपवावा काय?

आपल्याकडे एका लांब भिंतीशी दिवाण असतो आणि समोरच्या लांब भिंतीशी कपाट. स्पीकर कपाटात, ऐकणारा भिंतीला पाठ टेकून. हा स्वर नेमका याच दोन भिंतींपाशी सर्वांत अधिक फुगतो. म्हणून जोडी आखूड भिंतीकडे न्यावी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारखे अंतर राखावे. मग दोन्ही पेट्यांनी उठवलेल्या त्या लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. मागची भिंत हातभर दूर असावी. पेटी तिला चिकटली तर खालच्या स्वरांचा दाब दुपटीपर्यंत चढतो, कोपऱ्यात त्याहूनही अधिक. वरच्या स्वरांचा लहान घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. भिंतीवर गोधडी टांगा, असाही सल्ला मिळतो. गोधडीने झांजांची धार मऊ होते खरी; खर्ज मात्र तिला जुमानत नाही.

निवडताना मोठ्या पेटीचा मोह नको. एवढ्या खोलीला चार-पाच इंची शंकू पुरतो. दुकानदार दणदणीत सिनेगीत लावील. त्याला थांबवून तंबोरा आणि एकच कंठ ऐकावा. आकार छातीतून येतो की डब्यातून, हे कान लगेच ओळखतो.

राहिला शेजार. पलीकडे यंत्रमाग खडखडत असला की हात आवाज वाढवण्याकडे जातो. त्याऐवजी खुर्ची पुढे ओढावी. दोन पेट्यांत चार-साडेचार फूट अंतर आणि आपणही दोन्हींपासून तेवढ्याच अंतरावर, असे बसले की थेट येणारा ध्वनी भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीवर मात करतो, आणि भिंतीपलीकडे अभ्यास करणाऱ्या मुलालाही उपद्रव होत नाही.