पत्ता बदलताना

घर बदललं की आपण पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतो. माझ्या कवितांचं संकेतस्थळ नव्यानं बांधलं, तेव्हा नेमकं हेच राहून गेलं. प्रत्येक कवितेचा पत्ता बदलला आणि गुगलवर पहिल्या पानात दिसणाऱ्या कविता हळूहळू दिसेनाशा झाल्या. अम्मीवरची कविता शोधणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, 'सर, ४०४ येतंय, पान सापडत नाही,' तेव्हा मला कळलं.

भाच्यानं मग सर्व्हरवर '३०१'च्या नोंदी केल्या. ३०१ म्हणजे पान कायमचं हललं. ३०२ म्हणजे तात्पुरतं. ३०१ दिसला की जुन्या पानाची पत गुगल नव्या पत्त्याच्या नावे करतं. सगळे जुने पत्ते सरळ मुखपृष्ठाकडे वळवावेत, ही माझी सूचना (आळशी माणसाची!) त्यानं धुडकावली. तसं केलं तर गुगल ती पानं हरवलेलीच धरतं. प्रत्येक कविता तिच्याच नव्या घरी गेली पाहिजे.

नोंदी निदान वर्षभर ठेवा, असं गुगल सांगतं. मी त्या काढणारच नाही. एका दिवाळी अंकात जुना पत्ता छापलाय. तो अंक कुणाकुणाच्या कपाटात आहे, मला काय ठाऊक?