तेरचा ठेवा



धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे सर्वांस परिचित आहे. त्याच भूमीत दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर हे व्यापारी नगर विसावले आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात तगरहून साधे कापड व तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये दाखवून दिले.

कापड मातीत टिकत नाही. ते विणणाऱ्यांची व विकणाऱ्यांची नावेही उरली नाहीत. उरले ते पांढरीच्या टेकाडांतून वर येणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या आणि भाजक्या मातीच्या मूर्ती. इतरांना जी केवळ खापरे वाटली, ती तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी निष्ठेने वेचली व जपली. त्यांच्याच नावाने आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात सापडली आहे.

सुटा मणी घरात मुलाचे खेळणे ठरतो. तेच मणी एकत्र, जिथले तिथे जपले की नगराचा जमाखर्च वाचता येतो. गावातील संग्रहालयाचे हेच खरे कार्य होय. तेथे येणारा शाळकरी मुलगा टेकाड आणि त्यातून निघालेली वस्तू एकाच दिवशी पाहतो व आपल्या गावाकडे नव्या आदराने पाहू लागतो.

जैन समाजाचाही या भूमीशी जुना ऋणानुबंध आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि तेथील लेण्यातील भगवान पार्श्वनाथांच्या प्रतिमेचे वर्णन येते. डॉ. हिरालाल जैन यांनी हे काव्य १९३४ मध्ये संपादून कारंजा येथून प्रसिद्ध केले. हस्तलिखिते कोणीतरी जपली, म्हणूनच धाराशिवच्या लेण्यांची ही परंपरा आज वाचता येते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरील जुन्या वह्या, पोथ्या आणि छायाचित्रे रद्दीत जातात. त्यांबरोबर एका पिढीची साक्षही जाते. वस्तू देण्यापूर्वी ती कोणाची, कोठली व केव्हाची, एवढे चार शब्द लिहून ठेवावेत. संग्रहालयाचा आरंभ त्या चार शब्दांतूनच होतो.

जय जिनेंद्र!