हरित विजेचे मोल कोणी द्यावे?

(नाशिकरोड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण जेथे जमलो आहोत तेथून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी फार दूर नाहीत. तेथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा दूरवरून रेल्वेने येतो, वीज महाराष्ट्रभर जाते आणि राख मात्र येथेच राहते. या केंद्रावर अनेक कामगार कुटुंबांची चूल पेटते, हेही तितकेच खरे. म्हणून विजेविषयी बोलताना नाशिककराला केवळ ग्राहक होऊन भागत नाही.

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ग्राहकांना संपूर्णपणे अपारंपरिक स्रोतांतील वीज मागण्याची मुभा मिळाली. त्यासाठी नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे अधिक आकारावेत आणि वीज कंपनीने ग्राहकाला दरमहा तसे प्रमाणपत्र द्यावे, असे त्यात ठरले. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराला त्या दराने ९९ रुपये अधिक पडतात. हा आकडा आयोग वेळोवेळी बदलू शकतो. त्यामागील तत्त्व तपासणे महत्त्वाचे.

या पैशांत नेमके काय मिळते? तारेतून येणारी वीज मिसळलेलीच असते. उन्हाची वीज व कोळशाची वीज दारात येऊन वेगळी होत नाही. आपल्या वापराइतकी अपारंपरिक वीज खरेदी केल्याचा हिशेब कंपनी ठेवते, एवढाच याचा अर्थ. परंतु अशा विजेचा ठराविक वाटा खरेदी करण्याचे बंधन २००३ च्या वीज कायद्यान्वये कंपन्यांवर आहेच. माझ्या ९९ रुपयांनी त्या बंधनापलीकडे एक तरी युनिट अधिक खरेदी होते काय? होत असेल तर प्रमाणपत्र सार्थ आहे. नसेल, तर कंपनीचे कर्तव्य माझ्या पैशाने पार पडले, असे म्हणावे लागेल. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न लेखी विचारावा.

दुसरा प्रश्न विषमतेचा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छपरांवरील सौर संचांसाठी ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना जाहीर केली; ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान ठरले. पण सातपूर-अंबडला भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार गच्ची कोठून आणणार? त्याच्यापुढे अधिभाराचाच मार्ग उरतो. आणि मीटर घरमालकाच्या नावे असेल तर तो अर्जही त्याच्या हाती नाही. ज्याच्याजवळ छप्पर आहे त्याला अनुदान आणि ज्याच्याजवळ नाही त्याला अधिभार, हा न्याय समाजवादी माणसाने मुकाट्याने कसा स्वीकारावा?

तिसरा प्रश्न जमिनीचा. १९२१ मध्ये टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. त्या विजेला धूर नव्हता. तरीही मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली आणि दिवे मुंबईत लागले. आज सौर प्रकल्पांना व पवनचक्क्यांना जमीन लागते, तेव्हा ग्रामसभेला विचारले गेले काय, हे आपण पाहिले पाहिजे. धूर नाही एवढ्यावरून वीज निर्दोष ठरत नाही.

मग अर्ज करावा की नाही? ज्यांना हा खर्च जड नाही त्यांनी अवश्य करावा. मीही केला आहे. परंतु प्रमाणपत्र हाती आले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानू नये. लहान ग्राहकांचा अधिभार रद्द व्हावा आणि भाडेकरूंना स्वतःच्या नावे अर्ज करता यावा. महापालिकेच्या शाळांची व बाजार समित्यांची छपरे भाडेकरूंच्या सहकारी संस्थांना मिळावीत, आणि तेथील वीज त्यांच्या बिलांतून वजा व्हावी. एकलहऱ्याचे जुने संच बंद होतील तेव्हा तेथील कामगारांना, कंत्राटी कामगारांसह, प्रशिक्षणाची व रोजगाराची हमी आधी मिळावी. या मागण्या घेऊन आपण वस्त्यावस्त्यांत गेले पाहिजे.

धुराडी थंड व्हावीत, पण त्यांच्या आधाराने पेटणाऱ्या चुली विझू नयेत, याची काळजी आपणच वाहिली पाहिजे.