मिशनचा पगार

मिशनऱ्यांविषयी मजूर चळवळीतल्या माणसाने काय बोलावे? सवयीने आम्ही एवढेच पाहतो, की पगार कोण देतो आणि हुकूम कोण सोडतो.

१९१० साली एडिंबरोला मिशनांची जागतिक परिषद भरली. प्रतिनिधी सुमारे बाराशे, त्यांत आशियातले वीसच्या आसपास. तुमच्या त्यागाचे ऋण आहेच, पण आम्हांला मित्र हवेत, असे दक्षिणेतल्या अझरियांनी तेथे सुनावले. पुष्कळांना ते झोंबले. १९३२ साली मात्र हॉकिंग यांच्या अमेरिकन समितीनेच अहवाल दिला, की इतर धर्मांशी सहकार्य करा, सूत्रे स्थानिकांकडे सोपवा.

आपले रेव्हरंड ना. वा. टिळक एवढे थांबले नाहीत. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षे काढून १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. चालता पगार सोडणे म्हणजे काय, हे येथल्या जिनिंगच्या कामगाराला विचारा. खरे सांगायचे तर आम्हांलाही ते जमले असते की नाही, कोण जाणे! लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. १९१९ साली टिळक गेले.

सहा चर्चसंस्था एकत्र येऊन नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' उभे राहिले ते १९७० साली, टिळकांच्या राजीनाम्यानंतर त्रेपन्न वर्षांनी.