न खणता वाफा, न जाळता राब

(पाड्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून दाव्यांचं, मोजणीचं, अपिलाचं बोलणं झालं. ते काम चालूच राहणार. आता थोडं मातीचं बोलू.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, आपल्या नावावर व्हायला पाहिजे. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. ही जमीन विकता येत नाही, ती पोरांना जाते. मग पोरांच्या हातात आपण काय देणार? कागद देऊ, पण माती राहिली तर त्या कागदाला अर्थ. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या उतारावर पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. ओढा गढूळ होऊन वाहतो, ती आपलीच माती जाते. आणि होळी झाली की त्याच पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी पायपीट.

म्हणून आम्ही म्हणतो, प्रत्येक घराने दाराशी एक वाफा करावा. नांगर नको, बैल नको, भाड्याचा ट्रॅक्टर तर नकोच. कुदळसुद्धा लागत नाही.

जुनी माणसं विचारतील, न खणता पीक कसं येईल? जंगलात कोण नांगरतं? साग, ऐन, मोह वाढतात ते पाल्याखालच्या काळ्या मातीवर. वर पालापाचोळा, खाली गांडूळ, मुळं आपली वाट आपण काढतात. जमीन उकरली की ती सैल माती पहिल्याच पावसात निघून जाते. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी बिननांगरणीची शेती करून दाखवली. कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे गादीवाफ्यावर भात घेतात, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात. जपानात फुकुओका नावाच्या शेतकऱ्याने कित्येक वर्षं नांगर न लावता भात पिकवला.

आणि आपल्याला थर लावणं नवीन नाही. राबाला आपण काय करतो? शेण, फांद्या, पाला, गवत, वर माती, मग काडी लावतो. राब भाजण्यामागे अक्कल आहे. त्याने तणाचं बी मरतं, राखेचा जोर रोपाला मिळतो. भाताच्या-नागलीच्या रोपांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही आज परसातल्या भाजीपुरतं बोलतो. इथे राबासारखेच थर लावायचे, पण काडी लावायची नाही. जळून धूर होतो तो पाला इथे कुजून माती होतो.

आता कसं करायचं ते नीट ऐका.

दिवाळीनंतर झोडणी उरकली की काम धरा. तेव्हा जमिनीत ओल असते आणि पानगळ सुरू होते. जागा मोरीच्या पाण्याजवळ, उन्हाची घ्या. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. लांबी दहा फूट पुरे. उतार असेल तर वाफा उताराला आडवा घ्या आणि खालच्या अंगाला दगडांची ओळ लावा.

जागेवरचं गवत उपटू नका, विळ्याने कापून तिथेच झोपवा. त्यावर पाणी मारा, शेणकाला शिंपडा. मग सागाची मोठी पानं कौलांसारखी एकावर एक चढवून दोन-तीन पदर घाला, म्हणजे खालचं गवत उजेडाविना मरतं. हराळी, लव्हाळा दाट असेल तर ती जागा सोडा, ते तण पानं फोडून वर येतं.

त्यावर वीतभर सुका पाला. तो चुरून, भिजवून, दाबून घाला. त्यावर चार बोटं ओला पाला, गिरिपुष्प, करंज, भाजीची देठं. त्यावर दोन बोटं शेण-माती. हे तीन थर पुन्हा एकदा लावा. राख मूठभरच. सगळ्यात वर कुजलेलं शेणखत आणि बांधाची माती, आणि ऊन लागू नये म्हणून पेंढा. पेंढा सडका घ्या, चांगला पेंढा गुरांचा आहे.

वाफा दीड-दोन फूट उंच होईल, मग बसत जाईल. घाबरू नका, पाला कुजतोय. पहिले काही दिवस आत हात घातला तर गरम लागेल, तेव्हा रोप लावू नका. महिना-दीड महिना ओल राखा. सुका राहिला तर वाळवी लागते. रोपं पिवळी पडली तर सुका पाला जास्त झाला असं समजा आणि शेणकाला द्या. मग मेथी, मिरची, वांगी, वाल लावा, कडेला दुधी, कारली. भांडी राखेने घासली तर ते पाणी वाफ्याला चालतं, साबणाचं नको. पीक निघालं की झाड उपटू नका, बुडातून कापा, आणि दरवर्षी वरून नवा थर द्या.

पाल्याचं एक सांगतो. लाकूड सोडून जंगलातला झाडपाल्याचा माल ही गौण वनउपज आहे, ती गोळा करण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलाय. त्याच कायद्यात जंगल राखायची जबाबदारीही ग्रामसभेवर आहे. म्हणून जंगल खरवडून पाला आणायचा नाही. पायवाटेचा, बांधाचा, घराभोवतीचा घ्या. घराभोवती सुका पाला कमी राहिला तर वणवा घरापर्यंत यायची भीतीही कमी.

कोणी म्हणेल, एवढ्या वाफ्याने काय होणार? दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या मजुरीला जाणं त्याने थांबणार नाही, हे खरं. पण घरी राहिलेल्या म्हातारीच्या आणि पोरांच्या ताटात भाजी पडेल. बाजारात मिरची घ्यायला जाणारे पैसे वाचतील. आणि पट्ट्यावर जिचं नाव आहे, त्या बाईला बैलवाल्याची वाट न बघता स्वतःच्या जमिनीत काही करता येईल.

कोणी असंही म्हणेल, तुम्ही वाफे करा, दाव्याचं राहू द्या. त्याला सांगा, दहा फुटांचा वाफा कापलेल्या गुंठ्यांची भरपाई नाही. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत आम्हाला जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम चार-पाच मध्ये लिहिलंय. जमीन पूर्ण मोजून घेणार, आणि मिळालेली राखणार. दोन्ही कामं आपलीच.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक पाड्यावर पाच वाफे झाले पाहिजेत. पहिला वाफा सगळ्यांनी मिळून लावा, म्हणजे हात बसेल. काय उगवलं, काय मेलं, ते वहीत लिहून आणा. बैठकीत त्यावरच बोलू.

जोहार!